झिजलेल्या किल्लीची नक्कल

अण्णांना एक किल्ली हवी होती. बंगला नको होता, मानसन्मान नको होता, स्वर्गसुद्धा इतक्यात नको होता. आपल्याच मोटरसायकलची, आपल्याच खर्चाने, एक जादा किल्ली. देवाच्या दारी माणसं काय काय मागतात, आणि तो बिचारा देतोही. पण अण्णांचं मागणं इतकं किरकोळ होतं की ते वरपर्यंत पोचलंच नसावं, खालच्याच कुठल्यातरी टेबलावर अडकून पडलं असावं. आणि टेबलावर माणसाचं काम कसं अडकतं हे अण्णांइतकं कोणाला ठाऊक? पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळजोडणीच्या टेबलावर त्यांची उभी हयात गेली होती.

प्रकरण सुरू झालं ते दवाखान्यासमोरच्या वळणावर. तिथे अण्णा पडले असं सगळी गल्ली म्हणते. अण्णांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते गाडी आडवी झाली, आणि इतक्या वर्षांच्या सोबतिणीला एकटीला कसं पडू द्यायचं म्हणून ते तिच्याबरोबर गेले. ते केवळ सौजन्य होतं. गुडघ्याला थोडं लागलं, चार लोक धावून आले, दवाखाना समोरच असल्यामुळे फार धावावंही लागलं नाही. इतक्या सोयीच्या जागी पडणाऱ्या माणसाला बेजबाबदार कसं म्हणायचं, हा अण्णांचा सवाल होता आणि त्याला आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही.

त्याच संध्याकाळी चिरंजीव शेजारी येऊन बसले. म्हणाले, "अण्णा, किल्ली माझ्याकडे असू दे. तुमच्या खिशाला भोक आहे." खिशाला भोक होतं हे खरं. सूनबाईंनी ते दुसऱ्या दिवशी शिवलंही. किल्ली मात्र परत आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ मागून घ्यायची. अहो, मागितली. पण त्या घराला एक नियम होता आणि तो खुद्द अण्णांनीच घातलेला. चिरंजीव लहान असताना एकदा केस कापायला "नाही" म्हणाले होते. तेव्हा अण्णांनी त्यांना समोर उभं करून सांगितलं होतं, "आपल्या घरात मोठ्यांना नाही म्हणत नाहीत." चिरंजीव गुणी, ते कायमचं शिकले. अण्णांनी किल्ली मागितली की ते "हो अण्णा" म्हणत, आणि किल्ली त्यांच्या बॅगेत बसून ऑफिसला निघून जाई. पुन्हा मागितली की पुन्हा "हो अण्णा, देतो ना." माणूस नकाराशी भांडू शकतो, होकाराशी कसा भांडणार? होकार हातात धरायला जावं तर ओल्या साबणासारखा निसटतो.

किल्ली अण्णांच्या हाती येई ती फक्त रविवारी. बॅटरी उतरू नये म्हणून चिरंजीव गाडी चालू करून ठेवत, मग बंद करून अंघोळीला जात, आणि तेवढा वेळ अण्णा गाडी पुसत. किक चिरंजीवच मारत. अण्णा जरा अंतरावर उभे राहून कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकत. कोणी विचारलंच तर सांगत की डॉक्टर नाडी बघतो, तो काही रोग्याबरोबर पळत सुटत नाही.

आणि जायचं तरी कुठे होतं या वयात? अक्काकडे. अक्का ही अण्णांची थोरली बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला, पुलापलीकडे, दुसऱ्या मजल्यावर राहणारी, आणि जिना उतरणं जिने केव्हाच सोडून दिलेलं. दर गुरुवारी दोघं बुद्धिबळ खेळत. पटावरचा पांढरा उंट कधीतरी हरवला होता, त्याच्या जागी बाटलीचं बूच तिरकं चालत असे. अक्का चाल मागे घेई. एकदा नाही, प्रत्येक डावात, आणि वर म्हणे की मी घेतलीच नव्हती, तुझं लक्ष नव्हतं. अण्णा चिडून उठत, जिन्यापर्यंत जात, परत येऊन बसत. असा तो सुखाचा गुरुवार.

अण्णा पडले, म्हणजे सौजन्याने गेले, त्यानंतर चिरंजीवांनी त्यांना अक्काकडे कारमधून एकदा नेलं. तिथे चिरंजीव खुर्चीच्या कडेवर बसले, बोटात कारची किल्ली फिरवत. अण्णांचं बूच अक्काच्या वजिराला खाणार, इतक्यात "निघू या का अण्णा?" असा मधाळ आवाज आला. डाव तसाच राहिला. अक्काने त्यावर टॉवेल टाकला आणि पट खाटेखाली सरकवला. तेव्हापासून ती फोनवर एवढंच विचारी, "येतोस ना रे? की हरायची भीती वाटते? मी पटाला हात लावलेला नाही." म्हणजे लावला होता. आपला जिंकलेला डाव त्या टॉवेलखाली दिवसेंदिवस हरत चाललाय, या विचाराने अण्णांना घास गोड लागेना.

बसने जायचं तर दोनदा बदलावी लागे, आणि बसची पायरी हल्ली कोणीतरी उंच करून ठेवली होती. भाड्याची गाडी केली असती, पण मग दारात गाडी येणार, सूनबाई विचारणार, "अण्णा, कुठे?", आणि कुठे ते सांगितलं की चिरंजीव म्हणणार, "मी नेतो ना." अण्णांना नेलं जायचं नव्हतं. त्यांना जायचं होतं. या दोन क्रियापदांत किती अंतर आहे हे ज्याला कळलं त्याला म्हातारपण कळलं.

म्हणून एका रविवारी चिरंजीव अंघोळीला गेल्या गेल्या अण्णा फडकं खांद्यावर टाकून कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे गेले. छापखान्याच्या भिंतीला टेकून त्याची टपरी होती. त्याने किल्ली हातात घेऊन उजेडात धरली आणि वैद्य मान हलवतो तशी मान हलवली. किल्लीचे दात झिजले होते. गाडीच्या कुलपातही म्हणे झीज झाली होती. एवढी वर्षं दोघं एकमेकांच्या सोबतीने झिजले, त्यामुळे त्यांचं त्यांचं जमतं, पण त्यांच्यात तिसऱ्याला शिरकाव मिळणं कठीण. अण्णांना हे ऐकून बरंच काही आठवलं, आणि त्यांनी विषय बदलला. किल्लीवाल्याने किल्ली कापून दिली. घरी येऊन घातली तर ती गाडीच्या कुलपात गेली आणि गप्प उभी राहिली. ना डावीकडे, ना उजवीकडे.

इथे शेजारी आले. न येऊन सांगतात कोणाला? माणूस आजारी पडला तर शेजारी उद्या बघू म्हणतो, पण गाडीची किल्ली अडली की हातातलं काम टाकून येतो. पहिले आले ते बँकवाले. बँकेतून निवृत्त झालेले, आणि जगातल्या सगळ्या अडचणी वेळेवर तेल न घातल्यामुळे होतात असं मानणारे. पाठोपाठ सर्वज्ञ आले. ते काय काम करत हे गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं, त्यांना मात्र सगळ्यांची कामं माहीत होती. ते म्हणाले, कुलपात तेल घालणं हा गाढवपणा, पेन्सिलीच्या शिशाची पूड घालायची. बँकवाल्यांनी तेल घातलं. सर्वज्ञांनी पूड घातली. दोघांनी एकमेकांच्या शिक्षणाबद्दल शंका घेतली. तेल आणि पूड मिळून कुलपात जे पीठ मळलं गेलं, त्यात नवी किल्ली अशी रुतली की शेवटी पकडीने ओढून काढावी लागली, आणि निघाली ती कमरेतून वाकून निघाली. अण्णांचा पांढरा सदरा काळा झाला. दोघांनी हात पुसले ते अण्णांच्याच फडक्याला. "घरी काही बोलू नका," अण्णा म्हणाले. दोघांनीही, काय बोलता, अशा चेहऱ्याने पाहिलं.

दुसरी किल्ली आतच जाईना. तिसरी आत गेली आणि फिरता फिरता दमली. दर खेपेला किल्लीवाला नम्रपणे म्हणे, "काका, पुढच्या रविवारी या, थोडी घासून ठेवतो." रविवार फार लांब, म्हणून एकदा तोच म्हणाला की साबणावर छाप घेऊन या. अण्णांनी न्हाणीघरातली नवी वडी घेतली, गाडी पुसता पुसता किल्ली तिच्यात दाबली आणि मधल्या वारी नेऊन दाखवली. साबण ऊन लागून मऊ झाला होता, छापेतले दात सगळे बसके आले होते. त्या छापेवरून किल्ली कापली तर ती बोळकं असलेल्या माणसाची निघेल, असं किल्लीवाला म्हणाला. अण्णांनी वडी गुपचूप जागेवर नेऊन ठेवली. संध्याकाळी पाहतात तर तिथे दुसरी कोरी वडी, आणि छापेची वडी कोपऱ्यात, नीट कागदावर, छाप वर करून ठेवलेली. सूनबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. अण्णांना वाटलं, बिचारीच्या लक्षात आलं नसावं. चाळीस माणसांच्या कचेरीत कोण कोणावर डूख धरून आहे हे ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या न्हाणीघरात काय चाललंय ते कळू नये, ही देवाचीच करणी.

मग अण्णा सुट्या भागांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने गाडीचं नाव ऐकलं, पडद्यावर पाहिलं आणि हळहळल्यासारखी म्हणाली, "काका, ती बंद झाली."

"चालू आहे. परवाच चालू केली."

"गाडी असेल हो चालू. मॉडेल बंद झालंय."

कुलपाचा नंबर असेल तर कंपनीकडून मागवता येईल, असं तिने सांगितलं. नंबर कुलपाच्या तोंडावर होता, आणि तो चेहऱ्यावरच्या देखणेपणासारखा केव्हाच पुसून गेला होता. मग एकच मार्ग. किल्ली हरवली असं पोलीस चौकीतून लिहून आणा, पुढचं आम्ही बघू. अण्णा भर उन्हात चौकीत गेले. हवालदार माणूस भला होता. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि किल्ली कुठे हरवली ते विचारलं.

आता इथे एक खोटं बोलायचं होतं, अगदी लहानसं. पण अण्णा सरळ माणूस. म्हणाले, "तशी हरवलेली नाही. मुलाच्या बॅगेत आहे."

"मग मुलाकडून घ्या."

अण्णांनी पाण्याचा पेला पुन्हा उचलला. हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि जरा पुढे झुकून हलक्या आवाजात विचारलं, "देत नाही का? तक्रार आहे का काही?"

"छे छे," अण्णा घाईने म्हणाले. "फार चांगला आहे. नाही म्हणत नाही कधी."

"मग अडचण काय आहे काका?"

अडचण काय आहे. अण्णा घरी येईपर्यंत त्या तीन शब्दांना चिकटून चालले. उन्हातून घरी आल्यावर सूनबाईंनी पाणी आणून दिलं आणि "फिरायला गेला होतात का अण्णा?" असं विचारलं. अण्णा हो म्हणाले. त्या घरात सगळे हो म्हणत.

शेवटी किल्लीवाला म्हणाला की गाडीच इथे आणा, कुलपात घालून घालून घासतो. त्या रविवारी चिरंजीव अंघोळीला गेले आणि अण्णांनी हँडलचं कुलूप काढून गाडी ढकलायला घेतली. बँकवाले मागून ढकलत होते, सर्वज्ञ पुढून चालत कसं ढकलावं ते सांगत होते. टपरीपाशी गाडी लावली आणि दोघांनाही एकदम घरची कामं आठवली. दोघं इतक्या लगबगीने परत गेले की अण्णांना त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली.

किल्लीवाल्याने कानस काढली. दोनदा घासली, कुलपात घातली, काढली, उजेडात धरली, फुंकली. मग अगदी मायेने म्हणाला, "काका, आज नाही जमत. उद्या या ना."

अण्णा दचकले. शब्दांनी नव्हे, सुराने. तो सूर त्यांच्या ओळखीचा होता. ज्याचं काम होणारच नसतं, पण ज्याला तसं सांगायचं नसतं, त्याच्यासाठी तो सूर असतो. साधा "उद्या या" आळशी माणसाचा असतो, तो रुक्ष असतो. हा मऊ होता. मऊ "उद्या या" म्हणजे वरून हुकूम आहे. कचेरीतल्या त्या टेबलावर बसून अण्णांनी तो इतक्या वेळा लावला होता की झोपेतून उठवलं असतं तरी ओळखला असता.

जानव्यासारखी गळ्यात दोरी घालून जपलेली कपाटाची किल्ली त्यांनी काढली आणि पुढे केली. "ही बनवून दे बरं." किल्लीवाल्याने ती यंत्रात धरली, चर्रर्र आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, आणि गप्पांचं एक वाक्य पुरं व्हायच्या आत हुबेहूब जोडी त्यांच्या तळहातावर आली. अण्णांनी दोन्ही किल्ल्या एकावर एक धरल्या. केसाचाही फरक नव्हता.

"कोणी सांगितलंय?" अण्णांनी विचारलं.

किल्लीवाला यंत्र पुसू लागला. यंत्र स्वच्छच होतं. "काका, पहिली किल्ली देवाशप्पथ खरंच लागली नव्हती. झिजलेल्याची नक्कल झिजलेलीच निघते. पण मग दुसऱ्या दिवशी तुमचे चिरंजीव आले."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, अण्णांना नाही म्हणू नका. त्यांना वाईट वाटतं. नुसतं फिरवत ठेवा."

"आणि हे अजून कोणाला माहीत आहे?"

किल्लीवाल्याने गल्लीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि पाहणं इतकं लांबलं की त्यात बँकवाले बसले, सर्वज्ञ बसले, कागदावर मांडलेली साबणाची वडी बसली. अण्णांचा काळा झालेला सदरा, उन्हातली चौकी, काउंटरवरची मुलगी, सगळी पायपीट एका रांगेत उभी राहिली. अख्खी गल्ली मिळून अण्णांना खेळवत होती, तेही प्रेमाने. वैर असतं तर बरं झालं असतं. वैऱ्याला निदान शिव्या देता येतात.

अण्णांचा चेहरा बघून किल्लीवाल्याचं मन विरघळलं असावं. त्याने टपरीतला डबा उघडला, तळातून एक किल्ली काढली आणि खाली मान घालून पुढे केली. दुसऱ्याच खेपेला बरोबर जमली होती म्हणे. तेव्हापासून डब्यात होती.

अण्णांनी ती कुलपात घातली. ती फिरली. लोण्यात फिरावी तशी फिरली, आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. केवढासा तो दिवा, पण अण्णांना अक्काचा जिना दिसला, टॉवेल दिसला, टॉवेलखाली वाट बघणारं बूच दिसलं. त्यांनी फडकं सीटवर टाकलं, धोतर सावरावं तशी पँट सावरली, किक उघडली आणि तिच्यावर पाय ठेवला.

किक खाली गेली नाही.

त्यांनी पुन्हा मारली. गुडघा मध्येच कुठेतरी थांबला आणि पुढचं काम करायचं नाकारून बसला. पाय बदलून पाहिला तर गाडी कलली. किल्लीवाल्याने धावत येऊन धरली नसती तर पुन्हा सौजन्य दाखवायची पाळी आली असती. अण्णांनी श्वास घेतला, मनातल्या मनात देवाला हाक मारली, आणि सगळं वजन टाकून तिसरी मारली. किक अर्ध्यात गेली आणि हळूच, अगदी आदराने, त्यांचा पाय घेऊन वर परत आली. तीसुद्धा नाही म्हणाली नाही.

हिरवा दिवा जळत होता.

"मी मारू का काका?" किल्लीवाल्याने विचारलं. "एका झटक्यात चालू होईल."

"आणि अक्काच्या दारातून निघताना कोण मारेल?"

अण्णांनी किल्ली फिरवून दिवा विझवला. खिशातून जुडग्यात ओवलेल्या सगळ्या खोट्या किल्ल्या काढल्या, वाकलेली, न शिरणारी, दमलेली, आणि त्यांच्यातच ही खरी ओवून टाकली. जुडगा खुळखुळला. बाहेरून बघणाऱ्याला कळलं नसतं.

"घरून कोणी विचारलं," अण्णा म्हणाले, "तर सांग, लागली नाही."

"तेच सांगायचं ठरलंय काका."

गाडी परत ढकलत नेताना बँकवाले आणि सर्वज्ञ वाटेतच उभे होते, दोघांचीही कामं उरकलेली. "लागली का?" असं दोघांनी एका सुरात विचारलं, आणि त्या सुरात इतकी माया होती की अण्णांना त्यांच्या डोक्यात जुडगा घालावासा वाटला. "नाही लागली," अण्णा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "मेल्याला कामच येत नाही. किल्लीतच खोट आहे." आणि हे म्हणताना त्यांना पहिल्यांदाच त्या सगळ्या खोट्या किल्ल्यांचा आधार वाटला. त्यांच्यामुळे गुडघ्याचं नाव कुठे आलं नाही.

घरी चिरंजीव अंघोळ करून, भांग पाडून दारात उभे होते. अण्णांनी जुनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. चिरंजीवांनी ती घेतली, आणि घेताना वडिलांच्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहून नजर दुसरीकडे नेली.

अण्णा म्हणाले, "अक्काकडे जायचंय मला. तू ने." हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्याने आलं. मग हळू आवाजात पुढे म्हणाले, "आणि बसशील का जरा? एक डाव होईपर्यंत?"

"हो अण्णा," चिरंजीव म्हणाले. लगेच म्हणाले, जराही न अडखळता, हसून. "नक्की जाऊ. आज जरा काम आहे. उद्या बघू या ना."

सूर मऊ होता. अण्णांनी मान हलवली, शिवलेल्या खिशात हात घातला आणि जुडगा मुठीत धरला, खुळखुळू नये म्हणून. आत फोन वाजला. सूनबाईंनी उचलला आणि तिथूनच सांगितलं की अक्का विचारताहेत, अण्णा कधी येणार.

"उद्या," अण्णा म्हणाले.